तीस वर्षांचं विमान भंगार असतं का?

‘छोट्या देशांच्या हवाई दलाची ३० वर्षं जुनी विमानं म्हणजे उडतं भंगार’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे.

विमानाचं आयुष्य मुख्यतः उड्डाणाचे तास, लँडिंगची संख्या आणि सांगाड्यावर पडलेला ताण यांवरून ठरतं. जोरदार वळणांमुळे पंखाच्या मुळाशी, बोल्टच्या भोकाच्या कडेला केसाएवढा तडा जाऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, एडी करंट तपासणीत (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून दोष शोधण्याच्या पद्धतीत) सापडतो. मग भोक किंचित मोठं करून तडा काढतात, नाहीतर भागच बदलतात. गंज मात्र उभ्या विमानालाही लागतो. रडार, रेडिओ नवे बसवता येतात. खरी कोंडी सुट्या भागांची: जादा इंजिन नसेल, तर एक ओव्हरहॉलला (पूर्ण उघडून तपासणी-दुरुस्तीला) गेलं की विमान जमिनीवरच.

अमेरिकेच्या बी-५२ या बॉम्बफेकी विमानांचं उत्पादन १९६२ मध्ये थांबलं, तरी ती आजही सेवेत आहेत. असा मेसेज पडताळताना उड्डाणाचे उरलेले तास, शेवटचं ओव्हरहॉल आणि उड्डाणयोग्य विमानांचं प्रमाण बघा. अनेक देशांच्या लेखापरीक्षण अहवालांत अशी माहिती असते.