टीव्ही मोठा झाला, हॉल तेवढाच राहिला

पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर लागतो आणि पहिल्याच संध्याकाळी घरातलं कोणीतरी म्हणतं, "जुन्या टीव्हीवर हेच चॅनेल किती स्वच्छ दिसायचं!" ही तक्रार खरी असते. बहुतेक वेळा टीव्ही धडधाकट असतो आणि केबलवाल्याचंही काही चुकलेलं नसतं. याचं कारण टीव्हीच्या जन्माच्याही आधीपासून सुरू होतं.

१८६२ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात डॉ. हर्मन स्नेलन यांनी डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जी ओळ वाचता यायला हवी, तिच्यातल्या अक्षराची एकेक रेघ डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. टीव्हीचं पुढचं सगळं गणित या इवल्याशा कोनावर उभं राहिलं. दहा फुटांवरून पाहिलं तर हा कोन म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. त्याहून बारीक ठिपके शेजारी शेजारी असले, तर असा डोळा ते वेगळे पाहू शकत नाही.

नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनहून नियमित प्रक्षेपण सुरू केलं. त्यातली जी पद्धत पुढे टिकली, तिच्यात एका चित्रासाठी ४०५ आडव्या रेषा होत्या. तेव्हाचे पडदे दहा-बारा इंचांचे, म्हणून तेवढ्या रेषा पुरत. युद्धानंतर युरोपात ६२५ रेषांची पद्धत रुळली आणि भारतानेही तीच घेतली. दिल्लीत सप्टेंबर १९५९ मध्ये, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी टीव्ही आला, तो हीच पद्धत घेऊन. या ६२५ पैकी चित्र दाखवणाऱ्या रेषा ५७६.

आता हिशेब करू. ५७६ रेषा एकमेकींत मिसळून सलग चित्र दिसायला पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतर लागतं. वीस इंची टीव्हीच्या चित्राची उंची बारा इंच, म्हणजे अंतर सहा फूट. लाकडी शटरच्या त्या टीव्हीसमोर सगळी चाळ जमायची, तेव्हा बहुतेक प्रेक्षक याहून लांबच बसत. "मागे सरका, डोळे बिघडतील" असं ज्यांना ओरडलं जाई, त्या पुढच्या पोरांनाच काय त्या रेषा दिसायच्या.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं काम. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथल्या संशोधकांनी पुढच्या टीव्हीचा विचार सुरू केला आणि सुरुवात यंत्रापासून न करता माणसापासून केली. चित्र नजरेचा किती भाग व्यापतं तेव्हा आपण तिथेच आहोत असं वाटतं, हे त्यांनी प्रेक्षकांना बसवून तपासलं. उत्तर निघालं सुमारे ३० अंश, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरची बैठक. तेवढ्या जवळून रेषा दिसू नयेत, तर त्या हजारापलीकडे न्यायला हव्यात. त्यातून ११२५ रेषांची पद्धत तयार झाली आणि १९८१ मध्ये तिचं अमेरिकेत प्रात्यक्षिक झालं. आजच्या फुल एचडीच्या १०८० ओळींचं गणितही उंचीच्या ३.२ पट अंतरावर बसतं.

अडचण घरातली होती. अमेरिकेत आरसीए या टीव्ही कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड लेक्नर यांना आढळलं की लोक टीव्हीपासून साधारण नऊ फुटांवर बसतात. इंग्लंडमध्ये फिलिप्सच्या रिचर्ड जॅक्सन यांचा आकडा तीन मीटरचा. हे अंतर टीव्ही पाहून ठरत नाही, सोफा भिंतीला लावलेला असतो म्हणून ठरतं. नऊ फुटांवरून एनएचकेला हवा तसा अनुभव घ्यायचा, तर पडदा तीन फूट उंच, म्हणजे ७३ इंची हवा. एवढी काचेची पिक्चर ट्यूब घरात आणणार कोण? एचडीला खरा अर्थ आला तो भिंतीवर टांगता येणारे चपटे पडदे स्वस्त झाल्यावर.

पडदे वाढले, पण आपल्याकडे साधी एसडी, म्हणजे जुन्याच ५७६ ओळींची चॅनेलं चालूच राहिली. पंचावन्न इंची पडद्याची उंची २७ इंच. त्यावर ५७६ ओळींचं चित्र नीट दिसायला साडेतेरा फूट हवेत आणि हॉल असतो दहा फुटांचा. त्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर जास्त चॅनेलं कोंबण्यासाठी चित्राची माहिती दाबून कमी केलेली असेल, तर त्यामुळे चित्रात पडणारे डागही मोठे होऊन समोर येतात.

फोर-केचं, म्हणजे फुल एचडीच्या दुप्पट ओळींच्या चित्राचं, उलट आहे. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे स्नेलनच्या हिशेबाने दिसेनासे होतात. मग दहा फुटांवरून फोर-के काय वेगळं दाखवणार? अर्थात स्नेलनची ओळ ही दृष्टीची अंतिम मर्यादा नव्हे. २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि मेटाच्या संशोधकांनी पडदा पुढेमागे सरकवत मोजमाप केलं. स्नेलनच्या हिशेबाने एका अंशात ६० ठिपके ओळखता यावेत. इथे सरासरी निघाली ९४, तीही काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी. लाल-हिरव्यासाठी ८९ आणि पिवळ्या-जांभळ्यासाठी फक्त ५३. रंगाचा तपशील डोळा कमी टिपतो हे अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होतं; रंगीत टीव्हीत रंगाला कमी जागा दिली जाते ती त्यामुळेच.

नवा आकडा धरला तर दहा फुटांवरून फुल एचडी साधारण पन्नास इंचांपर्यंत पुरतं. त्यापुढे तीक्ष्ण नजरेला फोर-केचा फरक कळू शकतो. त्याहून लहान पडदा घेणाऱ्याने ते पैसे चांगल्या कॉन्ट्रास्टवर घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एनएचकेने १ डिसेंबर २०१८ रोजी एट-केचं, म्हणजे फोर-केच्याही दुप्पट ओळींचं, नियमित प्रक्षेपणही सुरू केलं. त्यासाठी योग्य मानलेलं अंतर उंचीच्या ०.८ पट आहे. ६५ इंची टीव्हीसमोर हे अंतर जेमतेम दोन फूट भरतं.