डिजिटल कंपन्यांची मोठी भरती : सीमाभागातल्या मुलांचे कागद नेमके कुठे अडकतात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं पुण्या-बंगळूरच्या डिजिटल सेवा कंपन्यांची परीक्षा काढतात, मुलाखतही निभावतात आणि पडताळणीत गळतात. नवं काम मिळालं की या कंपन्या एकदम मोठी भरती करतात आणि कागद तपासायला बाहेरच्या एजन्सीकडे देतात. तिथे अक्षराला अक्षर लावून बघतात. तुमची हुशारी त्यांच्या रकान्यात बसत नाही.

पात्रतेचं एकच सांगतो. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी अशा प्रत्येक टप्प्यावर ६० टक्के मागतात. बारावीला ५८ आणि पदवीला ७५ असतील तर सरासरी काढून भागत नाही.

खरी डोकेदुखी नावाची. कर्नाटक बोर्डाच्या एसएसएलसीवर, म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘संतोष मारुती पाटील’, पुढे शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील संतोष मारुती’, पॅनवर ‘संतोष एम पाटील’. गावाला एकच संत्या माहीत, पडताळणीत मात्र तीन निघतात. अर्जात दहावीप्रमाणेच नाव घाला. आधार आणि पॅन त्याच्याशी आधीच जुळवून घ्या, ऑफर आल्यावर धावपळ नको. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावर पावती हातात आली की तिथेच उभं राहून स्पेलिंग वाचा. पदवीवरचं नाव लगेच बदलणार नसेल तर ‘ही सर्व नावे माझीच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा.

उत्तीर्ण वर्षही असंच नडतं. व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) पदवीदान समारंभ पुढच्या वर्षी झाला म्हणून मुलं तेच वर्ष भरतात. शेवटचा विषय ज्या परीक्षेत सुटला, तिचं वर्ष घाला.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे चार-सहा महिने काम केलंय? पीएफ कापला असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तयार झालेला असतो आणि कंपनीला तो दिसतो. ‘अनुभव नाही’ असं लिहिलं तर लपवाछपवी ठरते. काम सोडल्याची तारीख ठेकेदाराने भरली नसेल तर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.

कंपनीच्या भरतीच्या पोर्टलवर नोंदणी होऊन नंबर मिळाला म्हणजे अर्ज झाला, असंही नाही. बहुतेक ठिकाणी त्या भरतीसाठी ‘अप्लाय’ वेगळं दाबावं लागतं. शेवटची तारीख असते ती याची. आणि महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी एका गावचे असल्याचा दाखला महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी. खासगी कंपनीत तो कुणी विचारत नाही, उगाच तलाठ्याकडे खेटे घालू नका.

लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ऑफर खरी असली तरी पत्रात रुजू होण्याची तारीख आहे का बघा. ‘कामाच्या गरजेनुसार कळवू’ असं असेल तर तारीख हातात येईपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका.