वडावरचं वटवाघूळ आणि दिव्याभोवतीचं वटवाघूळ

वटवाघूळ आंधळं असतं आणि आवाजाच्या जोरावर उडतं, असं सर्रास सांगितलं जातं. यातलं पहिलं साफ खोटं आणि दुसरं सगळ्या वटवाघळांना लागू पडत नाही.

गावातल्या वडा-चिंचेवर भरदिवसा शेकड्यांनी लोंबकळणारं थोरलं वटवाघूळ फलाहारी. पंख पसरले की चार फूट सहज भरतात. त्याचा चेहरा एकदा निरखून बघाच: कोल्ह्यासारखं लांबट तोंड, टपोरे डोळे, साधे टोकदार कान. आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखायचं तंत्र याच्याकडे नाही. अंधुक उजेडात ते डोळ्यांनी वाट काढतं आणि पिकलेलं फळ वासावरून हुडकतं. अंगठ्याप्रमाणे पंखाच्या दुसऱ्या बोटालाही नखी असते. फळ चावून टाळूवर दाबायचं, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. झाडाखाली त्याच चोथ्याच्या चपट्या गोळ्या सापडतात. उघड्या झाडावर राहायचं तर ऊनही सोसावं लागतं. मे महिन्याच्या दुपारी सगळी वसाहत पंखांनी वारा घेत असते, अंगाला लाळ फासत असते.

रस्त्यावरच्या दिव्याभोवती गिरक्या घेतं ते बहुधा पिपिस्ट्रेल, जेमतेम काही ग्रॅम वजनाचं. हे कीटकभक्षी. डोळे बारीक, कानाच्या आत एक उभी पाकळी. ते स्वरयंत्रातून हाका मारतं आणि किड्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतं. या हाका 20 किलोहर्ट्झच्या वरच्या, म्हणून आपल्याला ऐकू येत नाहीत. 1938 साली ग्रिफिन आणि पिअर्स या अमेरिकी संशोधकांनी त्या यंत्रावर पकडल्या. एरवी सेकंदाला दहाएक हाका पुरतात. किडा टप्प्यात आला की त्या दाट होत होत दीडशे-दोनशेच्या वेगाला पोचतात. मग बऱ्याचदा मागच्या पायांमधल्या शेपटीच्या पडद्यात किडा झेलला जातो. थोरल्या वटवाघळाला असा पडदा नावापुरताच, कारण फळ काही पळून जात नाही.

डोळेवाले आणि कानवाले अशी ही दोन घराणी मात्र समजू नका. घोड्याच्या नालासारखं नाक असलेली कीटकभक्षी वटवाघळं नाकातून हाका सोडतात, तरी जनुकांनी ती पिपिस्ट्रेलपेक्षा फलाहाऱ्यांना जवळची आहेत.

आणि रूसेट हे फलाहारी वटवाघूळ तर जुन्या लेण्यांत, गुहांत राहतं. तिथल्या काळोखात टपोऱ्या डोळ्यांचाही उपयोग नाही. म्हणून ते जिभेने टकटक करतं आणि तिच्या प्रतिध्वनीवर भिंती चुकवतं. स्वरयंत्राचं काम इथे जिभेने उचललं आहे.