मेटा-मॅटिक

मेटा-मॅटिक : चित्र काढणाऱ्या शिल्पयंत्रांची एक मालिका. स्विस शिल्पकार ज्याँ तँगली (२२ मे १९२५–३० ऑगस्ट १९९१) यांनी ती मुख्यतः १९५९ मध्ये पॅरिस येथे घडवली. प्रेक्षकाने कागद चिमट्यात अडकवायचा, हवी ती लेखणी निवडायची, यंत्र सुरू करायचे आणि चित्र पुरेसे झाले असे वाटले की ते थांबवायचे, अशी ही योजना होती. विसाव्या शतकातील गतिशिल्पाच्या (प्रत्यक्ष हलणाऱ्या शिल्पांच्या) इतिहासात या यंत्रांचा उल्लेख बहुधा एक खोडकर विनोद म्हणून होतो. तो विनोद खरा असला, तरी तो ज्या यांत्रिक रचनेवर उभा आहे ती समजल्याशिवाय तँगली यांच्या प्रयोगांचे वेगळेपण लक्षात येत नाही. यंत्राकडून जी अचूकता अपेक्षित असते ती त्यांनी विचारपूर्वक काढून टाकली आणि तिच्या जागी ढिलेपणाला काम दिले.

तँगली यांचा जन्म फ्रीबुर येथे झाला आणि ते बाझेल या शहरात वाढले. तेथे त्यांनी दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याच्या व्यवसायात उमेदवारी केली आणि कला-उद्योग शाळेत शिक्षण घेतले. तारा, पत्रे आणि टाकाऊ वस्तू जोडून लक्ष वेधून घेणारी मांडणी करण्याचा हात त्यांना या व्यवसायातून मिळाला असावा, असे त्यांच्या पुढील कामाकडे पाहून म्हणता येते. लहानपणी जंगलातील एका ओढ्यावर आपण लहान लहान पाणचक्क्या बसवल्या होत्या, असे ते सांगत. प्रत्येक चाकाचा वेग वेगळा असे आणि चाक फिरले की त्याला जोडलेला दांडा एखाद्या डब्यावर किंवा बाटलीवर आपटे, त्यामुळे झाडीत एक बेताल वाद्यवृंद चालू राही. हाच कार्यक्रम त्यांनी पुढे आयुष्यभर मोठ्या प्रमाणावर केला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस ते पत्नी व चित्रकार एव्हा एप्ली यांच्यासह पॅरिसला आले आणि काही काळाने एम्पास रोन्सँ या गल्लीत, शिल्पकार ब्रांकुशी यांच्या शेजारी, त्यांनी आपली कार्यशाळा थाटली.

१९५४ मध्ये पॅरिसच्या आर्नो कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. या काळातील त्यांच्या उठावकृतींमध्ये काळ्या फळीवर पांढरे भौमितिक आकार बसवलेले असत आणि फळीमागे दडवलेल्या विजेच्या मोटरमुळे ते आकार संथपणे फिरत. मालेविच आणि कांडिन्स्की यांच्या स्थिर अमूर्त रचनांना त्यांनी असे प्रत्यक्ष हलते केले. फळीमागील चाके वेगवेगळ्या व्यासांची असल्याने आणि पट्टे अधूनमधून घसरत असल्याने सर्व आकार पुन्हा मूळ जागी एकाच वेळी येण्याचा योग जवळजवळ येतच नसे. स्वीडिश कलासमीक्षक पॉन्टुस हुल्तेन यांनी अशा कृतींसाठी ‘मेटा-मेकॅनिकल’ ही संज्ञा सुचवली आणि ‘मेटा-मॅटिक’ हे नाव त्याच वळणावर पडले. १९५५ मध्ये देनीझ रने यांच्या कलादालनात भरलेल्या ‘ल मूव्हमाँ’ (गती) या प्रदर्शनात तँगली यांनी चित्र काढणारी आपली पहिली यंत्रे मांडली. त्यांच्यासोबत तेथे काल्डर, द्युशाँ, व्हाझारेली, आगाम, सोतो अशा कलावंतांच्या कृती होत्या.

१९५९ च्या मेटा-मॅटिकची रचना वरकरणी साधी आहे. तिवईसारख्या लोखंडी बैठकीवर वाकवलेल्या सळ्यांचा सांगाडा उभा असतो आणि त्यावर लहान-मोठी चाके, पुल्या, रबरी पट्टे व एक विजेची मोटर बसवलेली असते. सांगाडा बहुतेक वेळा काळा रंगवलेला असतो. मोटरचा वेग पट्ट्यांतून निरनिराळ्या चाकांकडे जातो आणि चाकावर केंद्रापासून बाजूला बसवलेल्या खुंटीला एक लांब दांडा जोडलेला असतो. चाक फिरले की दांडा पुढे-मागे झोकांड्या खातो आणि त्याच्या टोकाशी पकडलेली लेखणी कागदावर आपटते, घासते किंवा ओरखडे काढते. काही यंत्रांत कागदाची फळीही स्वतंत्रपणे थरथरते, त्यामुळे लेखणी व कागद या दोघांच्या चालींची सरमिसळ होऊन रेघ तयार होते.

एखाद्या कुशल कारागिराने हीच जोडणी घट्ट बसवली असती, तर यंत्राने ठरावीक आवर्तनाची नक्षी पुन्हा पुन्हा काढली असती. तशी नक्षी काढणारी उपकरणे एकोणिसाव्या शतकापासून होतीच. तँगली यांनी मात्र सांधे सैल ठेवले, चाके वेडीवाकडी केली, पट्टे पुरते ताणले नाहीत आणि दांडे इतके लवचिक घेतले की मागच्या झटक्याची थरथर पुढच्या झटक्यात मिसळावी. सांध्यांतील ज्या ढिलेपणाला आपल्याकडचे मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात आणि जो काढून टाकण्यासाठी गिऱ्हाईक त्यांना पैसे देते, तोच येथे मुख्य घटक आहे. त्यामुळे एकाच यंत्राने एकाच लेखणीने काढलेली दोन चित्रे एकाच हातची वाटतात, पण तंतोतंत सारखी कधीच नसतात. ही अनिश्चितता नशिबावर सोडलेली नव्हती. कोणता सांधा किती सैल ठेवायचा, हे कलावंत पाहून, ऐकून आणि हाताने चाचपून ठरवत असे.

जुलै १९५९ मध्ये इरिस क्लेर यांच्या पॅरिसमधील लहानशा कलादालनात ही यंत्रे प्रदर्शित झाली. प्रेक्षकांनी स्वतः चित्रे काढावीत आणि सर्वांत चांगल्या चित्राला बक्षीस मिळावे, अशी स्पर्धाही ठेवण्यात आली होती. त्याच वर्षी तँगली यांनी चित्र काढण्याच्या या उपकरणासाठी फ्रान्समध्ये पेटंटही घेतले. ज्या यंत्राचा उद्योगाला काडीचाही उपयोग नाही, त्याची अधिकृत संशोधन म्हणून सरकारी दप्तरात नोंद व्हावी, यातला मिश्कीलपणा उघड आहे. विनोदाचे मुख्य लक्ष्य मात्र दुसरे होते. त्या वेळी पॅरिसमध्ये ‘ताशिझम’ या नावाने ओळखली जाणारी अमूर्त चित्रशैली जोरात होती. हाताचा उत्स्फूर्त फटकारा म्हणजे कलावंताच्या अंतरंगाचा थेट ठसा, अशी तिची धारणा होती आणि जॉर्ज मात्यू यांच्यासारखे चित्रकार प्रेक्षकांसमोर झपाट्याने भव्य कॅनव्हास रंगवून दाखवत असत. तँगली यांच्या यंत्राला अंतरंग नव्हते, तरीही ते काही मिनिटांत तसेच फटकारे कागदावर उमटवत होते, आणि ते वाईटही दिसत नव्हते. टीका म्हणून ही युक्ती बिनतोड होती. तरीही या चित्रांना निव्वळ विडंबन ठरवणे अपुरे आहे, कारण लेखणीचा रंग कधी बदलायचा आणि यंत्र कधी थांबवायचे हे निर्णय माणसाकडेच होते. चित्राचा कर्ता प्रेक्षक, यंत्र की यंत्राचा निर्माता, या प्रश्नाचे उत्तर तँगली यांनी मुद्दामच मोकळे ठेवले.

ऑक्टोबर १९५९ मध्ये पॅरिसच्या पहिल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात आलेले ‘मेटा-मॅटिक क्र. १७’ हे मालिकेतील सर्वांत मोठे आणि सर्वांत नाटकी यंत्र होय. ते पेट्रोल इंजिनावर चाले, चाकांवरून इकडे-तिकडे सरके आणि कागदाच्या लांब गुंडाळीवर सपाट्याने चित्रे काढून, त्यांचे तुकडे कापून प्रेक्षकांकडे उडवत असे. इंजिनाचा धूर बाहेर जाऊ नये म्हणून तो एका मोठ्या फुग्यात भरला जाई आणि उरलासुरला दर्प झाकण्यासाठी यंत्रातून फुलांच्या अत्तराचा सुगंध सोडला जाई. या प्रदर्शनात त्याने सुमारे ४०,००० चित्रे काढली, असे सांगितले जाते. हे यंत्र आज स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझियममध्ये आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स या संस्थेत तँगली यांनी सायकलवर चालणारे चित्रयंत्र आणले. दोन सायकलस्वारांनी पायडल मारायचे आणि कागदाची प्रचंड लांब गुंडाळी चित्रांसकट प्रेक्षकांच्या अंगावर उलगडत जायची, असा तो प्रकार होता. कलावंताचे व्याख्यान त्या वेळी टेपवरून ऐकवण्यात आले.

यानंतर तँगली यांची कल्पना एका पायरीने पुढे गेली. यंत्र चित्र काढू शकते, तर ते स्वतःचा शेवटही करू शकेल, हा विचार त्यांनी ‘न्यूयॉर्कला आदरांजली’ या कृतीत प्रत्यक्षात आणला. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिल्पोद्यानात तिचा एकमेव प्रयोग झाला. न्यू जर्सीतील भंगाराच्या ढिगाऱ्यांतून आणलेली सायकलींची चाके, एक जुना पियानो, हवामान-निरीक्षणाचा फुगा, न्हाणीचा टब, मोटरी आणि दोन-तीन मेटा-मॅटिक यांची ही सुमारे ७ मीटर लांब व ८ मीटर उंच रचना पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील स्वीडिश अभियंता बिली क्लुव्हर यांनी तिची विद्युतयोजना केली. टायमर व रिले (विजेवर चालणारे स्विच) ठरल्या क्रमाने एकेक भाग चालू करतील आणि काही आधार कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेले असल्यामुळे तापल्यावर ते सुटून सांगाडा कोसळेल, अशी त्यांची आखणी होती. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी चांदीचे डॉलर उडवणारे एक लहान उपकरण या यंत्राच्या सोबतीला दिले.

प्रत्यक्षात योजनेप्रमाणे फारच थोडे घडले. मोठ्या मेटा-मॅटिकचा पट्टा उलटा बसवला गेल्याने त्याचा कागद प्रेक्षकांकडे उलगडण्याऐवजी उलट्या दिशेने गुंडाळला गेला, फुगा पुरता फुगला नाही आणि पियानो पेटला तेव्हा अग्निशामकांना मध्ये पडावे लागले, त्यावर प्रेक्षकांनीच निषेधाचा गलका केला. २७ मिनिटांनी प्रयोग आटोपला आणि उरलेले अवशेष आठवण म्हणून लोकांनी उचलून नेले. या बिघाडांबद्दल तँगली नाराज झाले नाहीत, आणि ते स्वाभाविकच होते. जो कलावंत वर्षानुवर्षे यंत्राच्या चुकण्यासाठी जागा राखून ठेवत आला, त्याला चुकलेला पट्टा हा शत्रू वाटण्याचे कारण नव्हते. याउलट क्लुव्हर हे आयुष्यभर बिनचूक जोडण्या करणारे गृहस्थ, पण या अनुभवाने तेच अधिक बदलले. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लष्करी कवायतगृहात दहा कलावंत आणि सुमारे तीस अभियंते यांना एकत्र आणणारे ‘नाइन ईव्हनिंग्ज’ हे प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाले आणि त्यातून ‘एक्स्परिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था उभी राहिली. याच संस्थेने १९६९ मध्ये गुजरातमधील आणंदच्या दूधउत्पादकांसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम कसे तयार करता येतील याचाही विचार केला होता, हे भारतीय वाचकाला सहसा ठाऊक नसते.

चित्र काढणाऱ्या यंत्राची कल्पना एकट्या तँगली यांची नव्हती. जपानमधील गुताई या प्रयोगशील कलावंतांच्या गटाचे अकिरा कानायामा यांनी १९५७ च्या सुमारास दूरनियंत्रित खेळण्यातील गाडीला रंग लावून कॅनव्हासवर फिरवले होते, तर इटलीतील पिनोत गाल्लित्सिओ यांनी ‘औद्योगिक चित्रकला’ म्हणून रंगवलेल्या कापडाचे लांब तागे मीटरच्या भावाने विकायला काढले होते. मँचेस्टर येथे तत्त्वज्ञान शिकवणारे डेस्मंड पॉल हेन्री यांनी १९६० च्या दशकात विमानातून बाँब टाकताना वापरल्या जाणाऱ्या नेमगणकाचे भाग घेऊन चित्रयंत्रे बनवली. लंडनमध्ये १९६८ साली भरलेल्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ या प्रदर्शनात हेन्री व तँगली या दोघांची यंत्रे संगणकांच्या चित्रांसोबत मांडली होती. संगणकचित्रांचा पूर्वज म्हणून मेटा-मॅटिककडे बोट दाखवण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली, परंतु ती सावधपणे स्वीकारली पाहिजे. संगणकातील यादृच्छिकता आकड्यांतून येते आणि तिला वजन नसते. तँगली यांची यादृच्छिकता पट्ट्याचे घसरणे, लोखंडाचे वाकणे आणि शाईचे सुकणे यांतून येते, म्हणून तिचा आवाज होतो आणि ती झिजतही जाते.

पुढील काळात तँगली यांनी खेळाचे हेच तत्त्व इतर रूपांत वापरले. ‘रोटोझाझा क्र. १’ (१९६७) हे यंत्र चेंडू बाहेर फेकते आणि प्रेक्षकांनी ते पुन्हा त्याच्या तोंडात घालावे लागतात, म्हणजे उत्पादन आणि पुरवठा यांचे चक्र फुकटच फिरत राहते, तर ‘क्र. ३’ हे यंत्र १९६९ मध्ये बर्नमधील एका मोठ्या दुकानाच्या खिडकीत ताटल्या फोडत असे. बाझेल येथील फास्नाख्त कारंज्यात (१९७७) पाडून टाकलेल्या जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील यंत्रांचे भाग उथळ पाण्यात उभे राहून पाणी उडवतात, चाळतात आणि उपसतात, आणि पॅरिसमधील स्ट्राव्हिन्स्की कारंजे (१९८३) त्यांनी शिल्पकार नीकी द सँ फाल यांच्यासह केले. मात्र हा खेळ नेहमीच आनंदी राहिला नाही. १९८६ मध्ये जळालेल्या एका शेतघराचे अवशेष आणि वितळून वेडावाकडा झालेला ‘मेंगेले’ या कंपनीच्या कापणीयंत्राचा सांगाडा यांतून त्यांनी ‘मेंगेले मृत्युनृत्य’ हा शिल्पसमूह रचला, आणि तेथे यंत्राची करकर ऐकताना हसू येत नाही.

तँगली यांच्या कृतींचा सर्वांत मोठा संग्रह बाझेल येथील तँगली संग्रहालयात असून मारिओ बोत्ता यांनी आखलेली ही वास्तू १९९६ मध्ये खुली झाली. तेथे बहुतेक यंत्रे बटण दाबून सुरू होतात, परंतु झीज कमी व्हावी म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्यांना ठरावीक वेळ विश्रांती दिली जाते आणि प्रेक्षकाला प्रत्यक्ष चित्र काढू देण्यासाठी मूळ यंत्राऐवजी प्रतिकृतीही वापरली जाते. जतन करणाऱ्यांपुढील पेच यापेक्षा खोल आहे. झिजलेले बेअरिंग बदलून नवे घातले, पट्टा ताणून बसवला किंवा वाकडे चाक सरळ केले, तर यंत्र निश्चितच चांगले चालेल, परंतु त्याची रेघ बदलेल. काहीच केले नाही, तर सांधे आणखी सैल होत जातील आणि कलावंताने ठरवलेला ढिलेपणा व काळाने आणलेला ढिलेपणा यांत फरक करणे अशक्य होईल. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी यंत्राची गती, आवाज आणि रेघ यांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवणे आणि नवा भाग घालताना त्यातही जुन्या भागाइतकीच ढिलाई राखणे, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.