सौर वादळात भूकंपमापकाची रेषा नागमोडी झाली तर

10 मे 2024, शुक्रवार. रात्री साडेदहाच्या सुमारास सौर वादळ पृथ्वीवर येऊन थडकलं. 2003 नंतरचं हे सर्वांत मोठं वादळ. शनिवारी सकाळी आम्हाला फोन : "रेषा रात्रभर नागमोडी चाललीय, सेन्सर गेला का?" एका ग्राहकाने तर आम्ही पोचेपर्यंत सेन्सर खड्ड्यातून उचलून टेबलावर आणून ठेवला होता. सेन्सर ठणठणीत होता. परत बसवून स्थिरावायला मात्र दोन दिवस गेले.

ब्रॉडबँड सेन्सरमध्ये (म्हणजे जलद आणि अगदी संथ, दोन्ही हालचाली टिपणाऱ्या भूकंपमापकात) एक वजन पातळ स्प्रिंगवर तोललेलं असतं. थंडी-उन्हाने स्प्रिंग सैल-घट्ट होऊ नये म्हणून ती खास मिश्रधातूची करतात. पण हा धातू चुंबकाला दाद देणारा! आपल्या भागात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक साधारण 40,000 नॅनोटेस्ला (चुंबकक्षेत्र मोजायचं एकक). मोठ्या वादळात त्यात काहीशे नॅनोटेस्लाचा चढउतार होतो, स्प्रिंगवरचा जोर किंचित बदलतो, आणि यंत्र समजतं जमीनच हलली.

ओळखायचं कसं? भूकंपात आधी वेगवान पी लहर येते, मागून संथ एस लहर, आणि लांबच्या नोंदणी केंद्रावर दोन्ही उशिरा. वादळाची लाट मिनिटंच्या मिनिटं लांब, सगळ्या केंद्रांवर जवळजवळ एकाच वेळी. 1 हर्ट्झच्या (सेकंदाला एक कंपन) खालचं गाळून टाका, ती दिसेनाशी होते. जवळच्या भूकंपांची कंपनं याहून जलद, म्हणून त्यांची नोंद बिघडत नाही, आणि धरणावरचे ॲक्सेलरोग्राफ (जोरदार हादरे मोजणारी यंत्रं) निर्धास्त असतात. खात्रीच हवी तर अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदीशी वेळ जुळवा. (मुंबईत विजेच्या ट्रामचा त्रास होणार म्हणून कुलाब्याचं हे काम अलिबागला नेलं, तिथे 1904 पासून नोंदी आहेत.)

लॉगरच्या (सेन्सरची नोंद साठवणाऱ्या यंत्राच्या) घड्याळाकडेही बघा. ते जीपीएसवरून वेळ जुळवतं. वादळात जीपीएसचा सिग्नल तुटू शकतो. मग लॉगर स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि वेळ हळूहळू सरकते. 'लॉक' (जीपीएसशी जुळलेला सिग्नल) कधी गेला, कधी आला, हे वहीत लिहून ठेवा.

दीर्घ आवर्तनांचं, म्हणजे अशाच संथ लाटांचं, काम करणाऱ्यांनी सेन्सरवर म्यू-मेटलचा (चुंबकक्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचा) डबा जरूर बसवावा. तो आपटू नका, ठोकून सरळ करू नका. मार बसला की त्याचा चुंबकरोधक गुण उतरतो. आणि सेन्सरला हात लावण्याआधी आम्हाला एक फोन करा.