बहिरी की शाहीन: कडा नक्की कोणासाठी बंद ठेवायचा?

दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या क्लाइंबिंगच्या ग्रुपवर एक फोटो पडतोच. झूम करून करून पार फाटलेला, कातळाच्या टोकावर एक काळपट ठिपका आणि खाली लिहिलेलं, "ससाणा आलाय, कडा बंद का आता?" मग दोन तट पडतात. एकांचं म्हणणं की पक्षी दिसला ना, मग दोर गुंडाळा आणि घरी जा. दुसरे म्हणतात अरे पाहुणा आहे तो, थंडी संपली की जाईल निघून, त्याच्यापायी सगळा सीझन का घालवायचा. आणि खरं सांगू का, दोन्ही तट बरोबर असू शकतात, फक्त ते वेगवेगळ्या पक्ष्यांबद्दल बोलत असतात.

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात या घराण्यातले दोन ससाणे दिसू शकतात, बहिरी आणि शाहीन. (शिक्रा आणि खरुची आधीच बाजूला काढा. शिक्रा झाडीतला, आणि हवेत एकाच जागी पंख फडफडवत लटकलेली असते ती खरुची. निम्मे "ससाणा दिसला" तिथेच निकालात निघतात.) बहिरी आणि शाहीनची पंचाईत अशी की शास्त्राच्या हिशोबाने दोघं एकच, फाल्को पेरेग्रिनस, तोच तो सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारा. फक्त उपजाती वेगळ्या. बहिरी म्हणजे कॅलिडस, शाहीन म्हणजे पेरेग्रिनेटर. त्यामुळे पुस्तकात बघून "पेरेग्रिन आहे" असं कोणी छातीठोक सांगितलं तरी आपल्या कामाचं उत्तर मिळत नाही, कारण आपला प्रश्न तो पक्षी कोण हा नाहीच, तो इथे संसार मांडणार आहे का हा आहे.

बहिरी मांडत नाही. त्याचं घर पार उत्तरेला, सैबेरियाच्या टुंड्रात. इथे तो साधारण ऑक्टोबरला येतो आणि एप्रिलच्या आत परत फिरतो, मधले महिने निव्वळ खाण्यासाठी. आणि खायला आपल्याकडे काय कमी आहे, ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात चिखलावर तुतवारांचे थवेच्या थवे उतरतात. म्हणून हा बहुतेक वेळा खाडीकडेच, विजेच्या टॉवरवर एकटाच ध्यान लावून बसलेला. डोंगराच्या कड्यावर आला तरी तो फक्त टेकायला. आपण दोर लावला तर उठून दुसऱ्या कड्यावर जाईल, चिडेल थोडा, पण त्याचं कायमचं नुकसान काही होत नाही. म्हणून मुद्दाम हाकलायचा असाही अर्थ नाही, उगाच आरडाओरडा करू नका एवढंच.

शाहीन मात्र इथलाच. बारा महिने इथे, जोडीने, आणि अंडी कड्याच्याच लेजवर, म्हणजे कातळातल्या अरुंद कठड्यावर. वीण डिसेंबर ते एप्रिल. आता आपला क्लाइंबिंगचा सीझन आठवा. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ, ऑक्टोबर हीट, मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी काय ती मजा, मार्चपासून दहा वाजता कातळ तव्यासारखा तापतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याला कडा हवा त्याच महिन्यांत शाहीनलाही हवा.

परदेशातलं वेळापत्रक उचलून इथे चिकटवायची चूक इथेच होते. आमच्यातल्या एकाने एकदा अमेरिकेतल्या योसेमिटीचं उदाहरण दिलं होतं, तिथे पेरेग्रिनसाठी काही रूट (चढायच्या वाटा) साधारण १ मार्च ते १५ जुलै बंद ठेवतात, आपणही तेच करू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तिकडची वीण वसंतात असते, आणि तिकडे हा पक्षी डीडीटी या कीटकनाशकामुळे जवळजवळ संपला होता, अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवतानाच फुटायची, १९७२ ला अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि १९९९ ला तो धोक्यातल्या यादीतून बाहेर पडला, त्या सगळ्या धडपडीत या तारखांचंही काम आहे. त्या तारखा इथे लावल्या तर काय होईल? डिसेंबर ते फेब्रुवारी, अंडी असतानाच, आपण त्यांच्या डोक्यावर लटकणार, आणि जून-जुलैत धो धो पावसात कडा "पक्ष्यांसाठी बंद" असल्याची पाटी लावून स्वतःची पाठ थोपटणार. दुसरा फरक आकाराचा. योसेमिटीतली एल कॅपिटन ९०० मीटरची भिंत आहे, तिथे एक पट्टा बंद केला तरी बाकी भिंत उरते. आमचा कडा शंभर-सव्वाशे फुटांचा, रूट मोजून नऊ. त्यात लेज मधोमध. अर्धा बंद अर्धा चालू असलं काही होत नाही, बंद म्हणजे आख्खा बंद.

नावांनी तर गोंधळात भरच घातलीये. बहिरी म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना आधी सह्याद्रीतली ढाक बहिरी आठवते, ती गुहा, तो दोर, ते पोटात गोळा येणं. पण तिथला बहिरी म्हणजे देव, भैरव. आणि ससाण्याचा बहिरी कान गेलेलाही नव्हे, तो शब्द अरबी-फारसीतून आलाय, बहर म्हणजे समुद्र, तर बहिरी म्हणजे समुद्रावरचा. शाहीन शब्द फारसी, शाही पक्षी. आता शास्त्रीय नावाची गंमत बघा, पेरेग्रिनेटर म्हणजे भटक्या, आणि हे नाव मिळालं कोणाला, तर घर न सोडणाऱ्या शाहीनला! कारण १८३७ मध्ये सुंदेवाल नावाच्या स्वीडिश माणसाने ज्या पक्ष्यावरून हे नाव दिलं तो एक पोरगेला शाहीन होता आणि निकोबारजवळ भर समुद्रात एका जहाजावर येऊन बसला होता. एका पोराने उनाडक्या केल्या आणि सगळ्या खानदानाचं नाव भटके पडलं.

बरं, ओळखायचं कसं. खालून बघताना पोट बघा. बहिरीचं पोट पांढरट, त्यावर आडव्या बारीक रेघा, पाठ राखाडी, गाल पांढरा आणि डोळ्याखाली मिशीसारखी एक बारीक काळी पट्टी. शाहीन आकाराने थोडा लहान पण रंगाने गडद. पाठ जवळजवळ काळी, डोकं पूर्ण काळं म्हणजे हेल्मेट घातल्यासारखं, गळा पांढरा आणि त्याखाली पोट तांबूस, गेरू फासल्यासारखं. चांगल्या उजेडात चूक होत नाही. पण सकाळी साडेसहाला उलट्या उजेडात दोन्ही काळेच दिसतात, आणि पहिल्या वर्षाची पिल्लं दोघांचीही तपकिरी आणि छातीवर उभ्या रेघा, तिथे भले भले फसतात. म्हणून मी रंगापेक्षा वागण्यावर जास्त विश्वास ठेवतो.

एकटा आहे आणि सकाळी खाडीच्या दिशेने निघून जातो, बहुतेक बहिरी. दोघं आहेत, एकमेकांच्या मागे सूर मारतायत, एकाने शिकार आणून दुसऱ्याला दिली, मग शाहीनच समजा. आणि तुम्ही कड्याच्या वर अँकर लावायला (दोर बांधायला) गेलात आणि डोक्यावर कर्कश "कॅक कॅक कॅक" सुरू झालं तर आता समजा-बिमजा काही नाही, तिथून खाली उतरा. लेजखाली कातळावर पांढरे ओघळ दिसले तर जरा थांबा, पारव्यांचेही ओघळ असतात, तेवढ्यावर ठरवू नका. त्याच्याबरोबर खाली पारव्याची नाहीतर पोपटाची उपटलेली पिसं पडलेली असतील तर मात्र लक्ष द्या. आणि "घरटं कुठे दिसतंय?" हा सगळ्यात फसवा प्रश्न, कारण हा पक्षी स्वतः काड्यांचं घरटं बांधतच नाही, लेजवरच्या मातीत-खड्यात एक खळगा उकरला की झालं घर. खालून काहीच दिसत नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, आम्ही दोन्ही चुका करून बसलोय. एका वर्षी नोव्हेंबरात बहिरी दिसला आणि आम्ही घाबरून कडा बंद केला. तो आठवड्याभरात खाडीकडे गेला तो परत आलाच नाही, आणि आम्ही फेब्रुवारीपर्यंत रिकाम्या कड्याची राखण करत बसलो. त्यात खरा तोटा सीझनचा नाही झाला, तोटा असा झाला की पुढच्या वर्षी कोणी ऐकेचना. पुढच्या वर्षी जोडी होती. "पाहुणाच आहे, गेल्या वर्षीसारखा" असं म्हणत आम्ही जानेवारीतले दोन रविवार टॉप रोप (वरून बांधलेला दोर) लावून चढलो. पक्षी दर वेळी ओरडत उठायचे आणि वरती डोमकावळे फिरायचे. फेब्रुवारीनंतर त्या लेजवर काही हालचाल दिसली नाही. आमच्यामुळेच झालं का, छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण मला तरी त्याचं उत्तर माहीत आहे.

कारण साधं आहे. आई उठली की अंडी उन्हात उघडी पडतात, इथलं ऊन म्हणजे अर्धा तासही फार. नाहीतर कावळा उचलतो. पिल्लं मोठी झाल्यावर वेगळाच धोका, घाबरून उडता येण्याआधीच लेजवरून उडी मारतात. आणि पायथ्याशी बसलेल्या माणसापेक्षा त्यांना वरून येणाऱ्या माणसाची भीती जास्त, म्हणजे "आम्ही लीड नाही करत, म्हणजे दोर खालून घेऊन चढत नाही, फक्त टॉप रोप" हे उलटं जास्त वाईट. हे नुसतं भूतदयेचं प्रकरण नाही बरं का, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणंसुद्धा येतं. म्हणजे बंदूक नको, कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) पुरतो.

नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ ला बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीवर चढण्याचा) वर्ल्ड कप झाला, तेव्हापासून कृत्रिम भिंतीवर शिकलेली पोरं खऱ्या कातळावर यायला लागली, चांगलंच आहे, त्यांची बोटं आमच्यापेक्षा दसपट मजबूत. फक्त भिंतीवरच्या होल्डमागे कोणी राहत नसतं, त्यामुळे त्यांना ही सवय नाही. आता आम्ही असं करतो की नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या मध्यावर दोन सकाळी दोघं जण दुर्बीण आणि थर्मास घेऊन समोरच्या टेकाडावर बसतात, दोर न घेता. जोडी दिसली तर कडा बंद. उघडायची तारीख ठरवत नाही, अंडी उबायला महिना आणि पिल्लं उडायला पुढे सहा-सात आठवडे धरले तरी प्रत्येक जोडीचं गणित वेगळं, आणि उडायला लागल्यावरही पिल्लं काही दिवस त्याच कड्यावर येऊन आईबापाकडे खायला मागतात. तेवढं होऊ द्यायचं. तोवर मे उजाडलेला असतो म्हणा. कडा कुठला ते इथे लिहीत नाहीये, मुद्दाम. क्लाइंबर एक वेळ परवडले, पण लेजचा पत्ता फुटला की मोठ्या लेन्सवाले आणि ड्रोनवाले येतात.

यंदाचा पक्षी पोटाला पांढरा आहे, एकटा आहे, आणि दोन्ही सकाळी सातच्या आत खाडीकडे गेला. दोर रविवारी लागतोय. साडेपाचला स्टेशनबाहेर, नेहमीच्या टपरीपाशी, आणि गेल्या वेळी माझा निळा स्लिंग कोणी नेलाय तो घेऊन या.