गाठीला वीज कुठून मिळते? ग्लायोमा आणि चेतापेशींच्या नात्याची पार्श्वभूमी

ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीच्या, रुग्णाला आकडी येते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अनेकदा आजाराची पहिली खूणच ती असते. त्यामुळे हिशेब कायम एकाच दिशेने मांडला गेला: गाठ चिथावते, चेतापेशी सोसतात. खरं तर १९३८ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं, की या गाठीच्या पेशी चेतापेशींभोवती कोंडाळं करून बसतात. त्या निरीक्षणाला पुस्तकात जागा मिळाली आणि ते तिथेच राहिलं. पुढे गाठ स्वतःच ग्लुटामेट (चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) ओकते आणि शेजारच्या चेतापेशी मारून पसरायला जागा करून घेते, हे कळलं. पण गुन्हेगार आणि बळी तेच राहिले.

हिशेब फिरला तो २०१५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत. त्याच प्रयोगशाळेने वर्षभर आधी दाखवलं होतं, की चेतापेशी सक्रिय झाल्या की मज्जावरण (चेतातंतूंवरचं वेष्टन) तयार करणाऱ्या पूर्वपेशींचं विभाजन वाढतं. अनेक ग्लायोमांचं मूळ याच पूर्वपेशींत किंवा त्यांच्या जवळच्या पेशींत असावं, असा कयास आहे. मग गाठीवरही तोच परिणाम होत असेल का? मुलांच्या गाठीतल्या पेशी उंदरांच्या मेंदूत रुजवल्या आणि हालचालींचं नियोजन करणाऱ्या भागावर बारीक फायबरमधून निळा प्रकाश सोडला. तिथल्या चेतापेशी प्रकाशाने चेततील अशा केलेल्या होत्या. दिवा लागला की उंदीर गोल गोल फिरू लागे. आणि चेतवलेल्या भागातल्या गाठीच्या पेशी जास्त वेगाने विभागत होत्या.

हा निरोप पोचवणारं मुख्य प्रथिन निघालं न्यूरोलिजिन-३. त्याचं ठरलेलं काम दोन पेशींना जोडून धरण्याचं. इथे मात्र त्याचा तुकडा कातरला जाऊन मोकळा सुटत होता आणि गाठीला खतासारखा लागू पडत होता. २०१७ मध्ये हे प्रथिनच नसलेल्या उंदरांत मुलांच्या ग्लायोमाची वाढ थबकली, पण स्तनाच्या कर्करोगाची मेंदूत रुजवलेली गाठ बिनधास्त वाढली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ पुरावा हाच.

खरा गुंता २०१९ चा, आणि तो एका शब्दाचा. त्या वर्षी कॅलिफोर्निया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गमधल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की चेतापेशी आणि ग्लायोमा पेशी यांच्यात सिनॅप्स असतात. सिनॅप्स म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं संपर्कस्थान: एकीकडे रसायनाच्या पिशव्या, मध्ये फट, समोर ते रसायन झेलणारी प्रथिनं, म्हणजे ग्राहक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत हे सगळं दिसतं. पिशव्या चेतापेशीच्या बाजूला, ग्लुटामेट झेलणारे, एएमपीए नावाचे ग्राहक गाठीच्या बाजूला. मग खुसपट कशाला? एक तर असे जोड थोड्याच पेशींवर आढळतात. शिवाय वाहतूक एकेरी: गाठीची पेशी ऐकते, पण पुढे चेतापेशीसारखा विजेचा स्पंद सोडत नाही. तिच्यापुरता तिच्या विद्युतदाबातला बदलच पुरेसा असतो. तेवढ्याने विभाजन वाढतं. त्यातून ग्लायोमा पेशी लांब नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीने झेललेला संकेत थेट जोड नसलेल्यांपर्यंतही जातो. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या मेंदूतल्या पेशींबद्दल लिहिताना मात्र ‘छद्म-सिनॅप्स’ (सिनॅप्ससारखा भासणारा जोड) असा शब्द वापरला, कारण तिथे गाठीची पेशी आधीच असलेल्या संपर्कस्थानाला बाहेरून बिलगून सांडलेलं ग्लुटामेट टिपते. बातम्यांनी दोन्हींना एकाच मापाने ‘गाठ मेंदूशी वायरिंग करते’ म्हणून टाकलं. चूक तिथे झाली. ग्लायोमाला सिनॅप्स हा शब्द शोभतो; सरसकट सगळ्या गाठींना नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. २०२१ मध्ये दृष्टिचेतेवर (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेवर) गाठ होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेले उंदीर ऐन त्या वयात अंधारात वाढवले, तर गाठ धरेना. (मुलांना अंधारात ठेवा, असा याचा अर्थ कुणी काढू नये.) २०२३ मध्ये जाग्या रुग्णांना शस्त्रक्रियेदरम्यान चित्रं दाखवून नावं विचारली, तेव्हा गाठीने व्यापलेला मेंदूचा भागही उत्तराच्या वेळी सक्रिय होताना नोंदला गेला. ज्यांची गाठ उरलेल्या मेंदूशी जास्त जोडलेली, ते कमी जगले.

मग आकडीची औषधंच द्यावीत का? ग्लायोब्लास्टोमाच्या (ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकाराच्या) जुन्या चाचण्यांची आकडेवारी २०१६ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरॅसेटम घेणारे जास्त जगले असं दिसलं नाही. पण ही दोन्ही औषधं मुख्यतः एएमपीए ग्राहकावर काम करणारी नाहीत. पेरॅम्पॅनेल हे आकडीचं दुसरं औषध मात्र तोच ग्राहक अडवतं. जर्मनीतल्या एका चाचणीत ते शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर द्यायचं ठरलं आहे.